६०० किमीची ब्रेव्हे चौघांनी एकत्र करायची आहे: वेग, थांबे, रात्र आणि झोप कशी जुळवायची?

सहाशेकर

नमस्कार मंडळी. २००, ३०० आणि ४०० किमीच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, झाल्या आहेत. एसआरसाठी (सुपर रँडोनर, म्हणजे एका हंगामात ही चारही अंतरं करणाऱ्याचा किताब) आता सहाशे तेवढी राहिली. चौघांनी एकत्र सुटून एकत्रच पोचायचं ठरवलं आहे. अडचण अशी की चौघांचा वेग सारखा नाही. सपाटीवर एकट्यानं चालवताना दोघांचा वेग ताशी २५-२६ किमी असतो, तिसऱ्याचा २३, चौथीचा २१. चौथीचं एक वैशिष्ट्य म्हणजे रात्रभर ती जशीच्या तशी चालवते. बाकी तिघं पहाटे तीननंतर ढेपाळतात.

पुढे कोणी आणि किती वेळ राहायचं? चढावर एकमेकांसाठी थांबायचं का? झोप एकदाच सलग घ्यावी की तुकड्यातुकड्यांनी? दुरुस्तीची हत्यारं वाटून घेतली तर चालतात का? आणि कुणाला मागे सोडायची वेळ आलीच तर ते कशावरून ठरवायचं? हे सगळं सुटण्याआधी कागदावर हवं आहे, कारण ३५० किमीनंतर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

मागचा_दिवा

आधी वेळेचा हिशोब मांडा, वेगाचं नंतर बघू. ६०० ला ४० तास. चाकं फिरत असतानाचा सरासरी वेग २२ धरला तर सायकलवर सव्वासत्तावीस तास जातात आणि झोप धरून सगळ्या थांब्यांना पावणेतेरा तास उरतात. वेग २० वर आला तर सायकलवर ३० तास, उरले १०. म्हणजे ताशी दोन किमीनं पावणेतीन तास खाल्ले. पण याची दुसरी बाजू चौघांसाठी जास्त महत्त्वाची आहे. दहा थांबे धरा आणि प्रत्येकातून फक्त १० मिनिटं कापा. १०० मिनिटं वाचली. तेवढीच वेळ २० च्या वेगानं जाणाऱ्यानं पेडल मारून वाचवायची म्हटली तर त्याला ६०० किमीभर सरासरी २१.२ ठेवावी लागेल. वाऱ्याविरुद्ध आणि दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी तो सव्वा किमी फार महाग पडतो. थांबा आखडता घ्यायला मात्र पायांत ताकद लागत नाही.

गटाचा वेळ थांब्यांवरच का जातो, तर कामं एकामागून एक होतात म्हणून. एक शौचालयातून येईपर्यंत दुसरा बसून राहतो, मग त्याला आठवतं की बाटली भरायची आहे, तोवर तिसरा बूट काढतो. चौघांची पाच-पाच मिनिटं मिळून वीस होतात. यावर उपाय म्हणजे कंट्रोलच्या (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणाच्या) पाच किमी आधी, चालत्या सायकलवरच कामं वाटून घेणं: एकानं चौघांच्या आठ बाटल्या भरायच्या, एकानं खाण्याचं सांगायचं, उरलेल्या दोघांनी आधी शौचालय गाठायचं, मग अदलाबदल. ब्रेव्हे कार्ड (ज्यावर कंट्रोलची नोंद होते ते) हाताशी येईल अशा खिशात, ओलं होणार नाही अशा पिशवीत. पोचल्यावर पहिलं वाक्य निघण्याच्या वेळेचं: ‘१०:४० ला चाकं फिरली पाहिजेत.’ ‘दहा मिनिटांत निघू’ म्हणू नका. दहा मिनिटं कधीपासून मोजायची यावरच चौघांचे चार हिशोब होतात.

६०० पर्यंत कंट्रोल ताशी १५ च्या हिशोबानं बंद होतात. पहिल्या ६० किमीत थोडी सूट असते, पण तिचा तुम्हाला उपयोग नाही. म्हणजे ३०० चा कंट्रोल २० तासांनी बंद, ३६० चा २४ तासांनी, ४२० चा २८ तासांनी. सकाळी ६ ला सुटलात आणि झोप ३६० वर ठरवलीत तर हिशोब असा: २२ च्या वेगानं सोळा तास वीस मिनिटं, त्यात थांबे अडीच तास, म्हणजे रात्री पाऊण-एकच्या सुमारास पोच. खाणं, कपडे, चार्जिंग यांना अर्धा तास आणि तीन तास झोप. सव्वाचार-साडेचारला निघालात तरी कंट्रोल बंद व्हायला दीड तास शिल्लक असतो. पुढचे २४० किमी २० नं गेलात तर १२ तास, थांब्यांना दोन तास. संध्याकाळी साडेसहाच्या आत पोचता, हातात साडेतीन तास राखीव. हा राखीव वेळ वारा, पंक्चर आणि दुखण्यासाठी आहे. तो पहिल्या दोनशेत गप्पांत घालवू नका.

साखळी

पुढे राहण्याबद्दल. मागच्या चाकाच्या आडोशाला राहणाऱ्याला सपाटीवर साधारण पाव हिस्सा कमी जोर लावावा लागतो. वेग वाढला किंवा समोरचा वारा असला की फायदा वाढतो. तुमची चौथी एकटी २१ नं जाते ती तेवढ्याच श्रमात आडोशाला २३ पर्यंत येईल. पण पुढच्यानं २३ धरला तरच. त्यानं आपला नेहमीचा २६ लावला तर ती दोन तासांत संपते आणि पुढचे ३० तास चौघांना ते फेडावं लागतं.

म्हणून नियम असा: ताकदवान माणसानं जास्त वेळ पुढे राहायचं, जास्त वेगानं नाही. २५-२६ वाल्या दोघांनी दहा-दहा मिनिटं, २३ वाल्यानं पाच, चौथीनं हवं तर दोन, नाहीतर शून्य. ती पुढे येत नाही याचा कुणी हिशोब ठेवायचा नाही. गट फुटतो तो बहुतेक वेळा बदलाच्या क्षणी. मागे आराम करून ताजातवाना झालेला गडी पुढे येतो आणि नकळत दोन किमीनं वेग वाढवतो. जो नुकताच पुढून मागे आला त्याला नेमकं त्याच वेळी मागचं चाक पकडायचं असतं, त्यामुळे तोच सुटतो. पुढे आल्यावर पहिलं मिनिट मीटरवर नजर ठेवा, आकडा आधीचाच दिसला पाहिजे. आणि बदल करताना पुढून हटणाऱ्यानं आपला वेग कमी करायचा, मागच्यानं वाढवायचा नाही.

वाऱ्यात आणि चढउतारावर मात्र मीटर विसरा, तिथे जोर सारखा ठेवायचा. समोरच्या वाऱ्यात २३ चा हट्ट धरलात तर पुढचा माणूस भाजून निघेल.

चाक चाकाला घासलं की पडतो तो नेहमी मागचा, कारण त्याचं सुकाणू गेलेलं असतं. त्यामुळे पुढचं चाक कधीच दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी नेऊ नका, थेट मागे राहा. आपण शर्यतीत नाही, दीड-दोन मीटर अंतर पुरे. उभं राहून पेडल मारायला उठताना सायकल क्षणभर मागे सरकल्यासारखी होते, मागच्याचं चाक तिथेच लागतं. उठण्याआधी ‘उठतोय’ म्हणा आणि पेडल खाली दाबतानाच उठा. पुढच्यानं पेडल मारणं अचानक सोडायचं नाही. ब्रेक लावायचा तर आधी आवाज द्यायचा.

चढाचं सोपं आहे. ताशी १०-१२ च्या वेगाला आडोशाचा फायदा नगण्य, म्हणून तिथे एकत्र राहण्यात अर्थच नाही. जो तो आपल्या गतीनं चढेल. दुसऱ्याच्या गतीनं चढलं तर वेगवाल्याचे गुडघे जड गिअरमध्ये कुथतात आणि हळूवाल्याची छाती फुटते. माथ्यावर गोळा व्हा, पण उभं राहून वाट बघत गार पडू नका. पहिल्यानं जॅकेट चढवावं, दोन घास खावेत, सगळ्यांची मोजणी करावी. चौथी आली की लगेच निघू नका. तिलाही दोन मिनिटं मिळाली पाहिजेत, नाहीतर तिघांना प्रत्येक माथ्यावर विश्रांती आणि जिला सर्वांत जास्त गरज तिला शून्य, असं दिवसभर चालतं.

रात्रपाळी

दिव्यांबद्दल कुणीच बोललं नाही आणि गटात रात्री सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मागच्याचा हेडलाइट पूर्ण प्रखर असला की पुढच्याची लांब काळी सावली रस्त्यावर पडते. पुढच्याला खड्डा त्या सावलीतच शोधावा लागतो आणि सावली पेडलबरोबर हलत असते. म्हणून पुढचा पूर्ण प्रकाशात, मागच्या तिघांनी दिवा मंद करून खाली झुकवायचा. बंद करायचा नाही. गटात असलात तरी प्रत्येकाचे पुढचे-मागचे दिवे अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चालू असणं बीआरएमच्या (म्हणजे या ब्रेव्हेंच्या) नियमात आहे, एकाच्या दिव्यावर चौघांनी जाता येत नाही. परावर्तक जॅकेटचंही तसंच. मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवू नका, स्थिर ठेवा. लुकलुकत्या दिव्याकडे सहा तास बघणाऱ्याला अंतराचा अंदाज येईनासा होतो आणि झोपही लवकर चढते. सुटण्याआधी एकमेकांच्या मागे उभं राहून बघा: सॅडलबॅग किंवा रेनकोटची शेपटी दिव्यावर येते का.

रात्री हाताच्या खुणा दिसत नाहीत. आवाजच द्यायचा आणि तो छोटा: ‘खड्डा डावीकडे’, ‘गतिरोधक’, ‘खडी’, ‘मागून गाडी’. प्रत्येकानं तो पुढे पोचवायचा. अंतर दुप्पट करा, तीन-चार मीटर. उतारावर आणखी.

बॅटरीचा हिशोब: वरच्या वेळापत्रकानं पहिल्या रात्री सात-साडेसात तास अंधारात सायकल चालेल, उशीर झालाच तर दुसऱ्या संध्याकाळचे तीन-साडेतीन. म्हणजे ११ तासांची सोय हवी. खोक्यावर लिहिलेला वेळ मंद प्रकाशाचा असतो, तुम्ही ज्यावर चालवणार त्या प्रकाशावर घरी एकदा लावून संपेपर्यंत बघा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच हाताला लागतात, कारण आतला सेल ३.७ व्होल्टचा आणि बाहेर येतात ५ व्होल्ट, वर रूपांतरात थोडं वाया जातं. काही दिवे चार्जिंग चालू असताना पेटतच नाहीत, हेही आधी तपासा. डायनॅमो हब (चाक फिरताना वीज तयार करणारा तुंबा) असणाऱ्याला ही काळजी नाही. शक्य तर रात्रीचा पुढचा मान त्यालाच द्या.

झोपेबाबत मागचा_दिवा यांच्याशी थोडा मतभेद. ३६० ला झोपायचं ठरलंय म्हणून २८० ला पेंगणाऱ्याला तिथवर ओढत नेऊ नका. पहाटे दोन ते पाच शरीर झोपेच्या तळाशी असतं, पण आदल्या रात्री नीट न झोपलेला माणूस अकरालाच डुलतो. लक्षणं पाठ करून ठेवा: बोलणं बंद होतं, हाकेला उत्तर उशिरा येतं, चाक पांढऱ्या पट्टीकडे सरकतं आणि झटक्यानं परत येतं. यातलं एकही दिसलं की त्याला ड्राफ्टमधून (पुढच्याच्या आडोशातून) बाहेर काढा. पेंगणाऱ्याचं चाक कुणाच्या मागे नको आणि कुणी त्याच्या मागे नको. शेजारी एक जण, सतत बोलत, पहिल्या सुरक्षित उजेडाच्या जागेपर्यंत. तिथे आधी कॉफी, मग लगेच १५-२० मिनिटं झोप. कॅफिनला चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून दोन्ही एकत्र. ती वीस मिनिटं चौघांनीही झोपायचं. पहारा देत बसलेला माणूस पुढच्या तासाला पेंगतो.

सहाशेकर

खूप आभार, हे सगळं छापून घेतोय. दोन उपप्रश्न. हत्यारांचं राहिलं. आणि चौथीचं म्हणणं असं की आपल्यामुळे तिघांचा वेळ जाईल, तर दोनशेनंतर तुम्ही पुढे जा. हे ठरवायचं कसं?

आरे_पाना

हत्यारांपुरतं लिहितो. वाटणी चालते, पण गट फुटला तरी प्रत्येकाला स्वतःचं पंक्चर काढता आलंच पाहिजे. म्हणजे प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब, पॅचचा संच, दोन टायर लिव्हर, पंप आणि मल्टिटूल. ट्यूब ‘कुणाची तरी घेऊ’ म्हणू नका. टायरची रुंदी वेगळी असते आणि खोल रिमला लहान व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही. ट्यूबलेसवाल्यानं प्लग घ्यावेत, सीलंट सुकलेलं नाही ना ते आठवडाभर आधी बघावं आणि तरीही एक ट्यूब ठेवावी. ती घालायची तर आधी रिमवरचा व्हॉल्व्ह काढावा लागतो, त्याची नट नुसत्या बोटांनी सुटते का हे घरीच बघा.

सामायिक सामान: चेन तोडायचं हत्यार, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), स्पोकचा पाना, टायर फाटला तर आतून लावायचा तुकडा, गिअरची एक केबल, ब्रेक पॅडची जोडी, झिप टाय, चिकटपट्टी. क्विक लिंक १०, ११, १२ स्पीडची वेगवेगळी असते. चौघांच्या चेन वेगळ्या असतील तर प्रत्येकाची एक हवी. डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग ज्यावर टांगतात ती पट्टी) तर प्रत्येक सायकलचा निराळा, तो ज्याचा त्यानंच न्यायचा. ही पिशवी सर्वांत वेगवान माणसाकडे कधीच द्यायची नाही. तो चढावर दोन किमी पुढे असतो आणि चेन तुटते ती मागे. पिशवी शेवटी चालणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या चौथीकडे. वजन जास्त वाटलं तर तिच्या बाटल्या दुसऱ्यानं घ्याव्यात.

चौघांची मिळून आठ चाकं आहेत, म्हणजे पंक्चरची शक्यताही चौपट. एकाचा झिजलेला टायर सगळ्यांचा वेळ खातो. सुटण्याआधी आठही टायर बघा, मधली पट्टी सपाट झालेला किंवा चिरा पडलेला टायर बदलाच. नवा टायर आठवडाभर आधी घाला, आदल्या रात्री नको.

पंक्चर झालं की रस्त्यापासून पूर्ण बाहेर. एक जण चाक काढतो, एक दिवा धरतो, बाकी दोघं खातात. चौघं वाकून उभे राहिल्यानं काम लवकर होत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून कापडाच्या तुकड्यानं पुसत फिरवा, बोटानं नको, काच असली तर कापेल. बारीक तार रबरात तशीच राहिल्यानं पाच किमीवर दुसरं पंक्चर होतं, घाईत बहुतेकांचं तिथेच चुकतं. जुन्या ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवरची जागा शोधली की काम सोपं होतं.

सुकाणू

सोडून जाण्याबद्दल. ब्रेव्हेच्या दृष्टीनं तुमचा ‘गट’ अस्तित्वातच नाही. कार्ड प्रत्येकाचं वेगळं, वेळ प्रत्येकाची वेगळी, कुणासाठी थांबलात म्हणून मिनिटही वाढवून मिळत नाही. गट म्हणून नोंद होते ती फ्लेश या सांघिक प्रकारात: तीन ते पाच सायकली, २४ तास, किमान ३६० किमी आणि किमान तीन जणांनी शेवट गाठायचा. आणि जुन्या ऑडॅक्स पद्धतीत तर सगळा जथा रोड कॅप्टनच्या मागे ताशी २२.५ च्या सरासरीनं जातो. १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच सायकल क्लबनं ज्यानं त्यानं आपल्या गतीनं जायचा मार्ग निवडला आणि आजच्या बीआरएम त्यातूनच आल्या. त्यामुळे एकत्र राहणं हा तुमचा आपसातला करार आहे आणि करार असला की त्यात आकडे हवेत.

माझ्या मते चौघांनी एक गट न धरता दोन जोड्या धराव्यात. तुमच्या चौथीची रात्रीची ताकद तुम्ही विचारात घेतलेली दिसत नाही. दिवसा तिला आडोसा द्या, पहाटे तीनला तीच तिघांना जागं ठेवणार आहे. दोनशेनंतर तिला एकटं सोडलंत तर तिचा वारा वाढेल आणि तुमची रात्र धोक्यात जाईल. तिला हे असंच सांगा, उपकाराच्या भाषेत नको. जोड्या अशा: जास्त पेंगणारा वेगवान गडी चौथीबरोबर, २३ वाला दुसऱ्या वेगवानाबरोबर. चौघं एकत्र जाल तोवर उत्तम, फुटायची वेळ आली तर दोन-दोन. रात्री कुणीही एकटं राहणार नाही हे पक्कं.

आकडे असे ठेवता येतील. साधं पंक्चर किंवा पोटाची तक्रार: सगळे थांबतात. दुरुस्तीला ३० मिनिटांहून जास्त लागणार असं दिसलं: ज्याची सायकल त्याचा जोडीदार थांबतो, बाकी दोघं पुढच्या कंट्रोलपर्यंत जातात, तिथे खातात, पडतात, वाट बघतात. कंट्रोल बंद व्हायला ४५ मिनिटांहून कमी उरली: ज्यांना जमतं त्यांनी निघायचं, नाराजी नाही. वाटेत ओळखीच्या गाडीला बोलावून सामान घेणं हा पर्याय धरू नका. बाहेरची मदत कंट्रोलवरच चालते, मधल्या रस्त्यात घेतली तर दंड होतो. सहस्वारांनी एकमेकांना मदत करणं मात्र पूर्ण नियमात बसतं.

आकड्यांच्या पलीकडचं एक. वारंवार उलट्या, असंबद्ध बोलणं, थांबत नाही अशी थंडी, पडल्यावर डोक्याला मार, यांतलं काही दिसलं तर घड्याळ बघायचं नाही. त्या माणसाची ब्रेव्हे तिथे संपली. जोडीदार त्याच्याजवळ थांबणार आणि आयोजकांना फोन करून डीएनएफ (फेरी अर्धवट सोडल्याचं) कळवणार. नुसतं थकल्यामुळे सोडायचं म्हणत असेल तर वेगळं: खायला द्या, वीस मिनिटं झोपू द्या, मग विचारा. तरीही ‘नको’ म्हणाला तर समजूत घालत बसू नका.

मागचा_दिवा

रात्रपाळी यांचं झोपेचं म्हणणं मान्य. ३६० हा बेत आहे, लक्षणं दिसली की बेत मोडायचा. फक्त त्या मधल्या डुलक्या तीन तासांतून वजा करा, राखीव वेळेतून नको.

खाण्याचं कुणी काढलं नाही म्हणून तेवढं लिहितो. गटात प्रत्येक जण दुसऱ्याला भूक लागायची वाट बघतो आणि चौघंही एकदम रिकामे होतात. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट, पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत. पाणी हवामानाप्रमाणे तासाला ५०० ते ७५० मिली, आणि त्यात मीठ हवंच. घाम गाळत नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची खूण. यावर आणखी पाणी पाजलं तर बिघडतं. पुढे असलेल्यानं दर वीस मिनिटांनी ‘खा’ म्हणून ओरडायचं, हे त्याचं काम म्हणूनच ठरवा. पुढची पाळी संपवून मागे आलेल्यानं पहिल्या मिनिटात घास तोंडात टाकायचा.

रात्रपाळी

गजराचं राहिलं. झोपताना दोन वेगळ्या फोनवर लावा, एक फोन हात पोचणार नाही इतका लांब, आवाज पूर्ण, आणि ते फोन पॉवर बँकेला जोडलेले आहेत का हे दुसऱ्या माणसानं बघायचं. हातमोजे, बाटल्या, दिवे झोपण्याआधीच सायकलवर लावून ठेवा. उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं उतार असेल तर हळू, डोळे उघडे असले तरी हात उशिरा जागे होतात.